खंडणी देणारा राजा

झावळ्यांच्या रविवारी सकाळी आम्ही वैरागच्या गल्लीतून एक लहानशी मिरवणूक काढतो. मोठी म्हणावी अशी ती कधीच नव्हती. पाच-सहा घरची माणसे, पुढे लहान मुले, प्रत्येकाच्या हातात शिंदीची नाही तर नारळाची एखादी झावळी, आणि तोंडी होसान्नाचे गाणे. उन्हे चढायच्या आत सारे आटोपते. यंदा मिरवणूक संपल्यावर मी नेहमीप्रमाणे चौकातल्या हॉटेलात चहाला बसलो. हॉटेलचे मालक माझ्याच वयाचे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला न चुकता पायी पंढरपूर. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाले, "गुरुजी, एक विचारू का? राग नका मानू. तुमचा येशू राजा हाय असं तुम्ही गाण्यात म्हणता. मग राजा गाढवावर कसा काय बसला? आपल्याकडं तर गाढवावरनं धिंड काढत्यात."

मी उभा जन्म मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात घालवला, तेव्हा उत्तर तोंडावर होते. मी त्यांना सांगितले की, त्या काळच्या पॅलेस्टाइनात गाढव हे अप्रतिष्ठेचे जनावर नव्हते. राजा लढाईला निघाला की घोड्यावर बसे आणि शांततेने नगरात येई तेव्हा गाढवावर. जखऱ्या संदेष्ट्याने अशाच राजाची वाट पाहायला लोकांना सांगितले होते. शलमोनाला राज्याभिषेकासाठी नेले तेही बापाच्या खेचरावर बसवून. मालकांनी समाधानाने मान डोलावली. "म्हणजे धिंड नव्हती म्हणा की!" ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मी मात्र कप हातात धरून तसाच बसलो. कारण पाचच दिवसांनी त्याच राजाची, त्याच गावात, खरोखरीची धिंड निघाली होती. डोक्यावर काट्यांचा मुकुट, अंगावर शिपायांनी चेष्टेने घातलेला जांभळा झगा, खांद्यावर वधस्तंभ. पिलाताने वर पाटी लावली ती तीन भाषांत, आणि त्या पाटीवर 'राजा' हा शब्द होता. माझे उत्तर बरोबर होते. पण ते अर्धे होते. उरलेले अर्धे उत्तर मी तेव्हापासून जुळवतो आहे. हा लेख म्हणजे तीच जुळवाजुळव.

हॉटेलच्या समोरच चार-पाच फलक टांगलेले होते. वैरागची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तसे फलकही वाढले. एक कार्यसम्राट, एक युवासम्राट, एक किंगमेकर. संस्थाने स्वातंत्र्यानंतर विलीन झाली, १९७१ साली राजेरजवाड्यांचे तनखेही बंद झाले. पण आमच्या चौकातले सम्राट मोजायचे म्हटले तर एका हाताची बोटे पुरत नाहीत. यात हसण्यासारखे खूप आहे. पण आपण सगळेच त्या फलकांखालून रोज जातो, आणि कुठे ना कुठे आपल्यालाही असा एखादा सम्राट हवा असतो, हे हसण्यासारखे नाही.

बाभळीचे राज्य

बायबल म्हणजे राजांचे गुणगान, असा एक समज आहे. प्रत्यक्षात राजेशाहीवर इतकी कडवट टीका असलेला दुसरा धर्मग्रंथ मला ठाऊक नाही. इस्राएली लोकांना सुरुवातीला राजा नव्हताच. शेजारच्या राष्ट्रांना राजे आहेत, मग आम्हालाही हवा, असा हट्ट धरून ते म्हाताऱ्या शमुवेलाकडे गेले. शमुवेलाने त्यांना राजा म्हणजे काय ते सांगितले. त्याच्या त्या भाषणात एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येते, ते म्हणजे 'घेईल'. तो तुमची मुले रथांसाठी घेईल, मुली स्वयंपाकाला घेईल, चांगली शेते आणि द्राक्षमळे घेऊन आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, आणि शेवटी तुम्हीच त्याचे गुलाम व्हाल. लोकांनी ते सारे ऐकून घेतले आणि तरीही म्हटले, आम्हाला राजा हवाच.

त्याहून जुनी एक गोष्ट शास्त्यांच्या पुस्तकात आहे. ती मी वर्गात नेहमी सांगत असे. झाडांनी ठरवले की आपल्याला राजा पाहिजे. ती जैतुनाकडे गेली. जैतून म्हणाले, माझे तेल देवाच्या आणि माणसांच्या कामी येते, ते सोडून मी झाडांवर डोलत बसू का? अंजिराला आपली गोडी सोडवेना, द्राक्षवेलीला आपला रस. शेवटी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. ते लगेच तयार झाले! म्हणाले, या माझ्या सावलीला. नाही आलात तर माझ्यातून आग निघेल आणि लबानोनचे गंधसरू जाळून टाकील. सत्तर भावांना मारून गादीवर बसलेल्या अबीमलेखाविषयी ही गोष्ट त्याच्या हातून वाचलेल्या धाकट्या भावाने, योथामाने, डोंगरावरून ओरडून सांगितली होती. आमच्या बार्शी तालुक्यातल्या मुलांना ती समजावून सांगावी लागत नसे. पडीक रानात, ओढ्याच्या काठाला वेडी बाभळ कशी माजते ते त्यांनी पाहिलेले असते. तिची सावली किती आणि काटे किती, हेही त्यांना ठाऊक असते.

या गोष्टीत दोष एकट्या बाभळीचा नाही. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांनी आपापल्या कामाचे निमित्त सांगून अंग काढून घेतले, तेव्हा बाभळीला मोकळे रान मिळाले. 'राजकारण आपल्यासारख्यांचे काम नव्हे' असे म्हणत घरात बसलेल्या आम्हा शिक्षकांना, डॉक्टरांना, बागाईतदारांना ही गोष्ट टोचायला हवी.

पुढे दावीद आला. मेंढपाळ, कवी, शूर, लोकांचा लाडका. पण त्यानेही अखेर 'घेतले'. आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारले. तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात गेला. त्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची आणि ते हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. दावीद संतापला, आणि मग नाथानाने त्याच्याकडेच बोट दाखवले. सर्वांत आवडत्या राजाची ही लाज बायबलने झाकलेली नाही. राजाच्या तोंडावर बोलणारा माणूस असलाच पाहिजे आणि राजाने ते ऐकलेच पाहिजे, ही ख्रिस्ती विचारातली राजधर्माची पहिली अट आहे.

महाराष्ट्राला ही अट परकी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी आपल्या लष्कराला दिलेली ताकीद आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागता कामा नये, असे तिचे तात्पर्य आपण सांगतो. शमुवेलाच्या 'घेईल'ला हे आपल्या मातीतले खणखणीत उत्तर आहे. राजाने घेऊ नये, इथपर्यंत तर आपण सारे एकमत आहोत. येशू तिथून एक पाऊल पुढे जातो.

तारण आणि खंडणी

ते पाऊल कळायला एक प्रसंग पुरे. येशूच्या बारा शिष्यांत जब्दीचे दोन मुलगे होते, याकोब आणि योहान. मत्तय सांगतो की, एके दिवशी त्यांची आई येशूकडे आली आणि तिने हात जोडून मागणे केले की, तुमचे राज्य येईल तेव्हा माझ्या एका मुलाला उजवीकडे बसवा, एकाला डावीकडे. मंत्रिमंडळ बनायच्या आधीच खाती मागणारी ही माउली आपल्या ओळखीची आहे. बाकीचे दहा शिष्य चिडले; ते तत्त्वासाठी नव्हे, आपला नंबर गेला म्हणून! येशूने सगळ्यांना जवळ बोलावले आणि समजावले की, परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे होता कामा नये. ज्याला मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे. आणि स्वतःविषयी तो म्हणाला की, मी सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आलो आहे आणि पुष्कळांसाठी आपला जीव द्यायला आलो आहे.

मराठी बायबलमध्ये या ठिकाणी एक शब्द वापरला आहे. तो शब्द आहे 'खंडणी'. येशू आपला जीव खंडणी म्हणून देतो. लहानपणी हा शब्द ऐकताना मला काही वाटत नसे. मोठा होऊन वर्तमानपत्रे वाचू लागलो तेव्हा दचकलो. खंडणी मागतात ते गुंड. त्याआधी खंडणी घेत ते राजे. लढाई हरलेल्याने जिंकणाऱ्याला द्यायची ती खंडणी. राजा खंडणी वसूल करतो हे आपल्या भाषेने शतकानुशतके पाहिलेले आहे. राजाच स्वतः खंडणी होतो, प्रजेच्या सुटकेसाठी स्वतःला भरून टाकतो, हे या शब्दाने आधी कधी पाहिले नव्हते.

दुसरा शब्द 'तारण'. आमच्या ओसरीवर महिन्यातून एकदा प्रार्थना भरे. पाळकसाहेब बाहेरगावाहून येत आणि 'तारणारा येशू' असे म्हणत. आठवड्याचे बाकी दिवस हाच शब्द मी वडिलांच्या तोंडी ऐके तो वेगळ्या अर्थाने. 'जमीन तारण आहे.' माझ्या बालबुद्धीने दोन्हींची सांगड घातली होती. येशू म्हणजे आपली जमीन सोडवून देणारा कोणीतरी, असे मी धरून चाललो होतो. आज वाटते, मी फारसा चुकलो नव्हतो.

वडिलांनी आमची तीन एकर जिराईत विहिरीसाठी गहाण टाकली होती. विहिरीला खडक लागला, पाणी लागले नाही. मग १९७२ चा दुष्काळ आला. मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आम्हा मुलांना सुकडी मिळे, आणि घरात अमेरिकेतून आलेल्या मिलोची लाल भाकरी होई. सावकाराची मुदत त्याच वर्षी संपत होती. मुदत संपली की जमीन त्याची, असा कागद होता.

आणि मामा आले. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यात ते राहत. आई-वडिलांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून आठ वर्षे त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. ते माळकरी होते, त्यांना फार लागले होते. त्या दिवशी ते एसटीतून उतरून सरळ घरात आले, आईशी दोन शब्द बोलले आणि वडिलांना घेऊन बाजारपेठेत गेले. परत आले तेव्हा वडिलांच्या हातात तो कागद होता. मामांनी आपली बैलजोडी विकली होती. दुष्काळात बैलांना किंमत ती काय येणार! म्हणून मामीचे चांदीचे दागिनेही त्यात घातले होते. वडिलांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "पाव्हणं, हे मी कवा फेडू?" मामा म्हणाले, "दाजी, माझ्या बहिणीच्या लेकरांची जमीन हाय ती. माझ्या देखत जाऊ द्यायची व्हय? फेडायबिडायचं बोलू नगा." मग हातपाय धुऊन ते आमच्या पंगतीला बसले आणि मिलोची भाकरी जेवले.

पुष्कळ वर्षांनी मी रूथचे पुस्तक नीट वाचले तेव्हा कळले की, जुन्या करारात यासाठी कायदाच आहे. गरिबीने कोणाची जमीन गेली तर जवळच्या नातेवाइकाने किंमत भरून ती सोडवावी. अशा नातेवाइकाला इब्री भाषेत 'गोएल' म्हणतात. नामी ही विधवा आणि तिची परकी सून रूथ यांची जमीन बवाजाने अशीच सोडवली. 'उद्धारक' हा मोठा शब्द मुळात या घरगुती व्यवहारातून आलेला आहे. आधी तो नातेवाईक आहे, मग उद्धारक. येशूला राजा म्हणताना ख्रिस्ती माणूस हेच म्हणत असतो की, आमचा राजा आमच्या नात्यातला आहे, आणि आमचे गहाण त्याने स्वतः किंमत मोजून सोडवले आहे. पौल तर एका पत्रात लिहितो की, आपल्या नावाचा कर्जरोखा त्याने वधस्तंभाला ठोकून टाकला.

तीन दरबार

त्या रात्री मामांनी अंगणात आम्हा भावंडांना दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याचा माणूस दुसरी कोणती सांगणार? बहामनी अमदानीत मोठा दुष्काळ पडला. मंगळवेढ्याला बेदरच्या बादशहाचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. बादशहाचे शिपाई त्यांना धरून घेऊन निघाले. इकडे बेदरच्या दरबारात एक महार येऊन उभा राहिला. घोंगडी, काठी, पायात फाटक्या वहाणा. दामाजींचा माणूस म्हणून त्याने सारी रक्कम भरली आणि पावती घेऊन गेला. दामाजींनी आपली पोथी उघडली तर पावती आत! तो विठू महार म्हणजे प्रत्यक्ष पंढरीचा पांडुरंग.

मामा ही गोष्ट सांगताना एका जागी थांबत. आम्ही कोणत्या आळीतले, हे गावाला ठाऊक होते. मामा म्हणत, "देवाला बाम्हनाचं रूप घेता आलं असतं, सरदाराचं घेता आलं असतं. त्यानं आपलं घेतलं." आमचे घर ख्रिस्ती, मामा वारकरी, पण त्या वाक्यापाशी दोघांचा देव एकच काम करत होता. तो वर बसून माफी देत नव्हता. खाली उतरून, सर्वांत खालच्याच्या वेशात, दुसऱ्याचे देणे चुकवत होता. फरक दाखवायचाच तर एवढाच की, विठूने मोहरा मोजल्या आणि येशूने प्राण मोजला. पण या फरकावर भांडत बसण्यापेक्षा, साम्यापाशी थोडा वेळ थांबावे असे मला वाटते.

दुसरा दरबार दिल्लीचा. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. हत्ती, तोफा, संस्थानिकांची रांग. त्याच वेळी दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात १८७६-७८ चा महादुष्काळ माणसे गिळत होता आणि त्यात आमचा सोलापूर जिल्हा होरपळत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या दरबाराला हातमागाच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले आणि त्यांनी प्रजेचे गाऱ्हाणे मांडले. ती सम्राज्ञी ख्रिस्ती होती, तो व्हाइसरॉयही ख्रिस्ती होता. आम्हा ख्रिस्ती लोकांनी हे विसरू नये. शमुवेलाचे 'घेईल' त्या दरबारात बसलेले होते, आणि नाथानाचे काम करायला खादी नेसलेला एक हिंदू गृहस्थ उभा राहिला होता.

तिसरा दरबार साताऱ्याचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, संन्यास घेतला आणि एक संघ उभारला. त्याला त्यांनी नाव दिले 'देवाचा दरबार'. १९११ च्या दिल्ली दरबाराचा डामडौल लोकांच्या डोळ्यांसमोरून अजून हलला नव्हता, तेव्हा टिळकांनी तोच शब्द घेतला आणि त्यातले सिंहासन, हत्ती, मानपान सगळे काढून टाकले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे त्या दरबारात बंधू म्हणून बसणार होते. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यासाठी घरदार, जात, नातीगोती यांची किंमत मोजली होती. हातात येईल ते देऊन टाकायच्या त्यांच्या स्वभावाने लक्ष्मीबाईंची किती तारांबळ उडे, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हसता हसता डोळे पाणावतात ते तिथे. त्या दरबाराला फार आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. पण मराठीत ख्रिस्ताचे राज्य कसे दिसावे, याचे चित्र ते काढून गेले.

असेच चित्र केडगावला पंडिता रमाबाईंनी काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि टाकून दिलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी उभारलेल्या वसाहतीचे नाव 'मुक्ती'. तिथे मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून मराठीत केलेले बायबल याच मुलींच्या हातांनी छापले गेले. १९२२ साली रमाबाई वारल्या, त्या हे भाषांतराचे काम पुरे करूनच. मुक्ती हा शब्द त्यांच्या लेखी आकाशातला नव्हता. तो धान्य, कपडा, अक्षर आणि हाताला काम यांत मोजता येत होता.

नातेवाईक ज्याला नाव नाही

यावर कोणी विचारील, आणि विचारावेच, की असा तारणारा राजा मानला म्हणजे माणसे हातावर हात ठेवून बसणार नाहीत का? तारणहाराची वाट पाहत बसण्याने या देशाचे कमी नुकसान झाले आहे का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, धर्मातली भक्ती आत्म्याला तारील कदाचित, पण राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. माझे म्हणणे असे की, ख्रिस्ती श्रद्धा खरी असेल तर ती याच इशाऱ्याच्या बाजूने उभी राहते. ज्याने तारणाऱ्याची जागा येशूला देऊन टाकली, त्याने चौकातल्या फलकावरच्या माणसाला ती जागा देता कामा नये. त्या माणसाला आमदार म्हणावे, नगरसेवक म्हणावे, कामाचा हिशेब मागावा, चांगले केले तर आभार मानावेत. तारणहार म्हणू नये. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी 'ख्रिस्तराजा'चा सण सुरू केला, तो काळ मुसोलिनीचा होता. माणसाला देव करू पाहणाऱ्या काळात 'राजा दुसराच आहे' असे म्हणणे हा पळपुटेपणा नसतो.

हे सारे बोलायचा हक्क आम्हा ख्रिस्ती माणसांना आपोआप मिळत नाही. आमच्या मंडळ्यांतही खुर्च्यांसाठी भांडणे होतात, मालमत्तांवरून कोर्टकज्जे चालतात, आणि पाय धुवायचा प्रसंग आला की पंचा कोणाला सापडत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा पेत्र आधी नको म्हणाला. पेत्राचा संकोच मला कळतो. राजाने आपले पाय धुतले म्हणजे उद्यापासून आपल्याला दुसऱ्याचे धुवावे लागणार, हे त्याच्या लक्षात आले असावे.

आता माझ्या स्वतःविषयी. रूथच्या पुस्तकात बवाजाच्या आधी एक आणखी जवळचा नातेवाईक आहे. जमीन सोडवायचा पहिला हक्क त्याचा. तो आधी हो म्हणतो. मग त्याला कळते की जमिनीबरोबर रूथलाही पत्करावे लागेल, आणि तो म्हणतो, मला जमणार नाही, माझ्याच वतनाचे नुकसान होईल. पायातले पायताण काढून तो बवाजाला देतो आणि गोष्टीतून निघून जातो. पुस्तकात त्याचे नावही दिलेले नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात माझा मामेभाऊ माझ्याकडे आला. मामा तोवर वारले होते. त्याला कर्जासाठी जामीन हवा होता. माझी पगाराची नोकरी, डोक्यावर कसले कर्ज नाही. तो ओसरीवर बसून म्हणाला, "दादा, सही पाहिजे फक्त." मी त्याला मुलाच्या शिक्षणाचे सांगितले, घराच्या कामाचे सांगितले. सगळे खरे होते. त्याने चहा घेतला आणि "बरं, ऱ्हाऊ द्या मग" असे म्हणून तो गेला. एका शब्दानेही त्याने आपल्या बापाची आठवण मला दिली नाही. पुढे त्याने कसे भागवले ते मला दुसऱ्यांकडून कळले. जनावरे विकून भागवले. ज्या तीन एकरांच्या जोरावर मी शिकलो, मास्तर झालो, ती त्याच्या बापाच्या बैलांनी सोडवलेली होती.

म्हणून राज्य आणि नेतृत्व यांविषयी लिहिताना माझा हात जरा जड होतो. कार्यसम्राटांना हसणे सोपे आहे. पण जिथे माझ्या हातात एवढीशी सत्ता होती, एका सहीएवढी, तिथे मीही जैतुनासारखाच आपल्या तेलाचे कारण सांगून मोकळा झालो. नेतृत्व विधानसभेत सुरू होत नाही. ते ओसरीवर सुरू होते, कोणी तरी आपले देणे घेऊन आपल्या दाराशी येते तेव्हा.

मागच्या आठवड्यात मी मंगळवेढ्याकडे जाऊन आलो. काय बोललो, काय देऊ केले, ते इथे लिहिण्याची गरज नाही. भाऊ म्हणाला, "दादा, किती वर्षांनी आलात!" आणि त्याच्या घरी मी ज्वारीची भाकरी जेवलो.

परत आल्यावर हॉटेलात गेलो. मालकांना म्हटले, "तुमच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं माझं उत्तर अर्धंच होतं. ती धिंडही होती." त्यांनी बरणीतून बिस्किटे काढता काढता माझ्याकडे पाहिले. मी त्यांना विठू महाराची आठवण दिली. बेदरच्या दरबारात तो फाटक्या वहाणा घालून उभा राहिला, तेव्हा दरबारी हसले नसतील का? मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हसले असतील गुरुजी. पण पावती त्यानंच आणली."